एफएए फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग: एंडोर्समेंट, स्पिन ट्रेनिंग आणि भारतात परतल्यावरचा रस्ता

नेरूळची_वैमानिक

नमस्कार मंडळी. मी नेरूळची. अमेरिकेत एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान खात्याचं, कमर्शिअल लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग झालं आहे, दोन्ही सिंगल इंजिनवर. सध्या थोड्या दिवसांसाठी घरी आले आहे आणि परत जाण्याआधी एक गोष्ट ठरवायची आहे.

मला फ्लाइट इन्स्ट्रक्टर व्हायचं आहे. फक्त तास भरायचे म्हणून नाही. माझ्या बॅचमधल्या मुलांना होल्डमध्ये (हवेत ठरावीक घिरट्या घालत थांबणं) कसं शिरायचं हे फळ्यावर काढून समजावताना मला जो आनंद व्हायचा, तो स्वतः उडण्याच्या आनंदाहून कमी नव्हता. पण घरचं म्हणणं वेगळं आहे. परत ये, लायसन्स कन्व्हर्ट कर, टाइप रेटिंग (ठरावीक मॉडेलच्या मोठ्या विमानाचं) कर, एअरलाइनला अर्ज टाक. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, तेव्हापासून हा आग्रह आणखी वाढला आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला बसण्याआधी लॉगबुकमध्ये नेमक्या कोणत्या एंडोर्समेंट (इन्स्ट्रक्टरच्या सह्या) लागतात? स्पिन ट्रेनिंग, म्हणजे गिरक्या घेत कोसळणाऱ्या विमानातून बाहेर येण्याचं ट्रेनिंग, कुठे करायचं, कारण आमच्या स्कूलकडे जी पायपर विमानं आहेत त्यांत मुद्दाम स्पिन करायला मनाई आहे. आणि या रेटिंगला भारतात काही किंमत आहे का?

येऊर_रिज (ठाणे)

आधी अभिनंदन. मी अमेरिकेत शिकवलं आहे आणि आता महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं सांगू शकतो. एक आधीच स्पष्ट करतो: तुम्ही अमेरिकेत सीएफआय म्हणता ते तिथलं इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट. इथे सीएफआय म्हटलं की स्कूलचा चीफ फ्लाइट इन्स्ट्रक्टर. घरी किंवा इंटरव्ह्यूत बोलताना घोळ होतो म्हणून सांगितलं.

अमेरिकेतले नियम पार्ट ६१ च्या सबपार्ट एच मध्ये आहेत. वय १८ पूर्ण हवं, कमर्शिअल किंवा एटीपी (एअरलाइन पायलटचं लायसन्स) हवं, आणि एरोप्लेनसाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंगही हवंच. तुमच्याकडे दोन्ही आहेत. ज्या वर्गाचं रेटिंग घ्यायचं त्या वर्गाच्या विमानावर किमान १५ तास पीआयसी (मुख्य पायलट म्हणून) हवेत, तेही झालेले असणार.

लेखी परीक्षा दोन. एक फंडामेंटल्स ऑफ इन्स्ट्रक्टिंग, ५० प्रश्न. दुसरी फ्लाइट इन्स्ट्रक्टर एरोप्लेन, १०० प्रश्न. दोन्हींत ७० टक्के लागतात आणि निकाल २४ कॅलेंडर महिने चालतो. लेखी देऊन ठेवायची आणि चेक राइड (प्रॅक्टिकल परीक्षा) पुढे ढकलत राहायची, असं करू नका.

आता सह्यांचं. शिकवण्याच्या तत्त्वांचं ग्राउंड ट्रेनिंग झालं, याची एक एंडोर्समेंट. उजव्या (इन्स्ट्रक्टरच्या) सीटवरून सगळे मॅन्यूव्हर्स (उड्डाणातल्या ठरावीक हालचाली) करता येतात, ते करताना समजावता येतात आणि विद्यार्थ्याच्या चुका ओळखता येतात, म्हणून प्रॅक्टिकलला बसायला तयार आहात, याची दुसरी. आणि तिसरी स्पिनची: स्टॉलची (पंखावरचा हवेचा प्रवाह सुटण्याची) जाणीव, स्पिनमध्ये शिरणं, स्पिन आणि त्यातून बाहेर येणं हे तुम्हाला स्वतःला येतं आणि दुसऱ्याला शिकवताही येतं, अशी. हे ट्रेनिंग स्पिनसाठी सर्टिफाय असलेल्या विमानातच झालं पाहिजे.

हे सगळं तुम्हाला शिकवणारा इन्स्ट्रक्टरही कुणीही चालत नाही. नेहमीच्या मार्गाने जायचं तर त्याच्याकडे इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट किमान २४ महिने असावं लागतं आणि त्याने किमान २०० तास फ्लाइट ट्रेनिंग दिलेलं असावं लागतं. काल-परवा रेटिंग मिळालेला रूममेट तुम्हाला पहिल्या इन्स्ट्रक्टर चेक राइडसाठी तयार करू शकत नाही. पैसे भरण्याआधी स्कूलला हे विचारून घ्या.

चाकं आत जाणाऱ्या कॉम्प्लेक्स विमानाची मात्र काळजी नको. सिंगल इंजिनच्या पहिल्या इन्स्ट्रक्टर चेक राइडसाठी ती अट २०१८ मध्ये काढली. आणि ३१ मे २०२४ पासून जुन्या पीटीएसच्या (परीक्षेचे निकष) जागी एसीएस आलं आहे. जुन्या पीडीएफवरून तयारी करणारी मुलं अजून भेटतात.

पनवेल_एअरबस

ताई, माझं मत कडक आहे पण तुमच्या भल्यासाठी आहे. भारतात एअरलाइनला इन्स्ट्रक्टरचे तास लागत नाहीत. २०० तासांचं सीपीएल (कमर्शिअल लायसन्स) आणि टाइप रेटिंग असलेली मुलं थेट उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसतात. सीनिऑरिटी नंबर लवकर मिळणं हे पुढच्या तीस वर्षांसाठी महत्त्वाचं आहे. माझ्याबरोबरची जी मुलं दोन वर्षं आधी लागली ती आज कॅप्टन आहेत. बेस, रोस्टर, सुट्ट्या, सगळं त्या नंबरावर ठरतं. शिकवायची आवड असेल तर एअरलाइनमध्येही ट्रेनिंग कॅप्टन असतात, सिम्युलेटरवर शिकवणारे असतात. ती आवड पुढे पूर्ण करता येते.

येऊर_रिज (ठाणे)

पनवेलकर म्हणतात ते सीनिऑरिटीबद्दल खरं आहे, त्यावर वाद नाही. पण ज्या व्यवस्थेत आपण २०० तासांच्या मुलाला थेट जेटवर बसवतो, तिथे त्याला ते २०० तास कुणी शिकवले हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा होतो.

अमेरिकेत तरुण मुलं इन्स्ट्रक्टर होतात त्याचं कारण कायद्यात आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं ३४०७ हे विमान पडलं, विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० जण गेले. २०१० मध्ये काँग्रेसने कायदा केला आणि २०१३ पासून प्रवासी एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरलाही (को-पायलट) एटीपी बंधनकारक झालं, म्हणजे साधारण १५०० तास, काही सवलती सोडून. २५० तासांपासून १५०० पर्यंत पोचायचा सर्वांत सरळ मार्ग शिकवणं हा आहे. म्हणून तिथे इन्स्ट्रक्टरांची रांग असते आणि आपल्याकडे स्कूल्स जाहिराती देऊन वाट बघतात.

त्या अपघाताबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. त्या दोन्ही पायलटांचे तास १५०० च्या वर होते. विमान स्टॉलकडे जात असताना स्टिक शेकर (स्टॉलचा इशारा देणारं यंत्र) वाजला आणि कॅप्टनने कॉलम (नाक वर-खाली करणारा दांडा) मागे ओढला. नाक खाली घ्यायचं होतं. तास कमी पडले नव्हते. घाबरल्यावर हात कुठे जातो हा तिथला प्रश्न होता, आणि हाताची ती सवय सुरुवातीच्या ट्रेनिंगमध्ये, शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर लावतो किंवा लावत नाही. म्हणून हे काम “मधला टप्पा” आहे असं मी मानायला तयार नाही.

नौपाडा_बाई

मी विमानातली नाही, ठाण्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. धागा वाचला आणि राहवलं नाही. पायलटला शिकवण्याच्या तत्त्वांची वेगळी लेखी परीक्षा असते हे मला आज कळलं. त्यात काय असतं? आमच्या बी.एड.सारखं?

येऊर_रिज (ठाणे)

बाई, बरंच तसंच. थॉर्नडाइकचे शिकण्याचे नियम तुम्हाला पाठच असतील: तयारी, सराव, परिणाम. एफएएच्या अभ्यासक्रमात त्याला आणखी तीन जोडलेले आहेत. पहिला ठसा, तीव्रता आणि ताजेपणा. मग शिकण्याच्या पायऱ्या: नुसतं पाठ, मग समज, मग वापर आणि शेवटी एका गोष्टीचा दुसरीशी संबंध लावता येणं. शिवाय विद्यार्थी घाबरला की कसा वागतो, टीका कशी करायची, प्रश्न कसा विचारायचा, धड्याची आखणी कशी करायची.

आणि तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. अमेरिकेत ज्याच्याकडे सातवी किंवा वरच्या इयत्तेला शिकवण्याचं चालू सरकारी सर्टिफिकेट आहे, किंवा जो मान्यताप्राप्त कॉलेजात शिकवतो, त्याला ही परीक्षा माफ आहे. तिथल्या विमान खात्याने शिक्षकाची पात्रता पायलटच्या पात्रतेइतकीच गंभीरपणे घेतली आहे.

सगळ्यात जास्त कामाला येतो तो पहिल्या ठशाचा नियम. लँडिंगच्या वेळी मुलाने पहिल्या काही दिवसांत डोळे स्पीडवर खिळवायची सवय लावून घेतली, तर ती मोडायला पुढे दुप्पट वेळ जातो. कागदावर हा एका मार्काचा प्रश्न असतो, सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांत) तो रोज भेटतो.

नौपाडा_बाई

अगदी पटलं. आठवीत अपूर्णांक चुकीचा समजलेलं मूल दहावीत बीजगणितात अडकतं, ते पाहिलं आहे. नेरूळच्या मुली, तुला फळ्यासमोर उभं राहायला आवडतं असं तू लिहिलंस. ते फार कमी जणांना खरोखर आवडतं. जपून ठेव.

निवृत्त_वायुसैनिक_कळवा

मी हवाई दलात इन्स्ट्रक्टर होतो. आमच्याकडे हा वेगळा पेशा मानला जातो. फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल १९४८ मध्ये अंबाल्याला सुरू झालं आणि १९५४ पासून तांबरमला आहे. तिथून निघालेला इन्स्ट्रक्टर सी कॅटेगरीतून सुरुवात करतो, मग बी, ए-टू आणि फारच थोडे ए-वन. प्रत्येक पायरीला पुन्हा परीक्षा. रेटिंग एकदा मिळालं की संपलं, असं नसतं.

स्पिनविषयी. इन्स्ट्रक्टरला स्पिन यायलाच हवी ही कल्पना जुनी आहे. १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये गॉसपोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी इन्स्ट्रक्टरांना शिकवणारं स्कूल काढलं. तोवर धोक्यापासून विद्यार्थ्याला लांब ठेवायची रीत होती. त्यांनी उलट केलं. विमान मुद्दाम धोक्याच्या अवस्थेत न्यायचं आणि तिथून बाहेर कसं यायचं ते शिकवायचं. बोलण्यासाठी दोन कॉकपिटमध्ये रबरी नळी. आजच्या दोन कंट्रोलच्या ट्रेनिंगचं मूळ तिथे आहे.

अमेरिकेने १९४९ मध्ये साध्या पायलटांसाठी स्पिनची सक्ती काढली, पण इन्स्ट्रक्टरसाठी ठेवली. त्यामागचा विचार समजून घे. विद्यार्थ्याने स्पिनपर्यंत जाऊच नये हे शिकवायचं आहे, पण तो गेलाच तर शेजारच्या माणसाचे हातपाय विचार न करता चालले पाहिजेत.

नेरूळची_वैमानिक

सर, बाई, सगळ्यांचे मनापासून आभार. पनवेलकर दादा, तुमचं म्हणणंही मी गंभीरपणे घेते आहे, बाबांना हाच प्रतिसाद सर्वांत आवडेल.

स्पिनच्या विमानाचं कुणी सांगेल का? आणि उजव्या सीटची भीती वाटते आहे. एकदा गंमत म्हणून बसले होते तर सेंटरलाइन कुठे आहे हेच कळेना.

येऊर_रिज (ठाणे)

उजवी सीट पंधरा दिवसांत अंगवळणी पडते, घाबरू नका. डावीकडे बसल्यावर डावा हात योकवर (विमानाचं स्टिअरिंग) आणि उजवा थ्रॉटलवर (इंजिनची पॉवर) असतो, इथे उलट. इन्स्ट्रुमेंट्स तिरकी दिसतात, त्यामुळे सुईचं वाचन किंचित चुकतं. लँडिंगला नाक डावीकडे वळलंय असं वाटतं आणि मुलं नकळत ते “सरळ” करायला जातात. उपाय साधा आहे: टॅक्सी करताना उजव्या सीटवरून आपल्या नजरेची रेषा बॉनेटवर कुठे पडते ते पक्कं करा आणि तोच बिंदू फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलताना) वापरा. खरं अवघड काम वेगळंच आहे. उडवता उडवता बोलायचं, आणि विद्यार्थ्याला पुढच्या क्षणी काय दिसणार आहे ते आधी सांगायचं. चेक राइडला मुलं मॅन्यूव्हरमध्ये कमी आणि बोलण्यात जास्त अडकतात. ओरल तर कित्येक तास चालते.

विमानासाठी: सेस्ना १५२ स्पिनसाठी मान्य आहे. सेस्ना १७२ ची बरीच मॉडेल्स युटिलिटी कॅटेगरीत मान्य आहेत, म्हणजे मागे कुणी बसवायचं नाही, सामान नाही, आणि वजन व सीजी (गुरुत्वमध्य) त्या मर्यादेत. तुमच्या स्कूलकडे नसेल तर एरोबॅटिक शिकवणाऱ्या दुसऱ्या स्कूलमध्ये एक-दोन दिवसांत हे होतं आणि एंडोर्समेंट तिथलाच इन्स्ट्रक्टर देतो. चेक राइडला एक्झामिनर ती एंडोर्समेंट मान्य करून प्रत्यक्ष स्पिन न मागूही शकतो. पण स्टॉल किंवा स्पिनमधल्या कमतरतेमुळे नापास झालात, तर पुढच्या वेळी विमानात करूनच दाखवावं लागतं.

नेरूळ_बाबा

मी या धाग्यातल्या मुलीचा वडील. मुलीने लिंक पाठवली, म्हणून खातं उघडलं. सर्वांचे आभार. मला विमानातलं कळत नाही, मी आयुष्यभर तुर्भ्याला एमआयडीसीत काम केलं. पण “मुद्दाम धोक्याच्या अवस्थेत न्यायचं” हे वाचून रात्री झोप लागली नाही. हे खरंच गरजेचं आहे का? आणि किती सुरक्षित आहे? कृपया समजावून सांगा, मी ऐकायला तयार आहे.

निवृत्त_वायुसैनिक_कळवा

तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. जमेल तितकं सोपं सांगतो.

पंखावरून हवा नीट वाहते तोवर विमान वर राहतं. नाक फार वर गेलं की हवेचा प्रवाह सुटतो, याला स्टॉल म्हणतात. स्टॉलमध्ये एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त कोसळला तर विमान त्या बाजूला गिरक्या घेत खाली येतं. ती स्पिन. मुद्दाम करताना ती भरपूर उंचीवर करतात. छोट्या सेस्नात एक गिरकी आणि त्यातून बाहेर येणं यात साधारण हजार फूट जातात, म्हणून आधीच खूप वर जातात, खाली मोकळी जागा बघतात, विमान त्यासाठी मान्य असतं आणि शेजारी जाणता इन्स्ट्रक्टर असतो. बाहेर येण्याचा क्रम ठरलेला आहे: इंजिनची पॉवर पूर्ण कमी, एलेरॉन (पंखांवरच्या झडपा) मधोमध, गिरकीच्या उलट दिशेचा रडर (शेपटीवरचं सुकाणू) पूर्ण, मग योक पुढे. गिरकी थांबली की रडर सरळ आणि अलगद वर.

धोका खरा कुठे आहे ते बघा. धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना पायलट वळण चुकवतो, धावपट्टी ओलांडून जाणार असं त्याला वाटतं. तो आतल्या बाजूचा रडर जास्त देतो, नाक वर धरतो. तिथे उंची पाचशे फुटांच्या आसपास असते. तिथे स्पिन झाली तर बाहेर यायला जागाच नसते. आणि एक पंख खाली जाऊ लागला की माणसाचा हात आपोआप एलेरॉनने तो उचलायला जातो, त्याने कोसळणारा पंख आणखी कोसळतो. तुमच्या मुलीने वर, सुरक्षित उंचीवर हे अंगाने अनुभवलेलं असेल तर खाली विद्यार्थ्याचा पाय चुकीच्या रडरवर जायला लागताच तिच्या लक्षात येईल. म्हणून हे ट्रेनिंग तिलाही सुरक्षित करतं आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या प्रत्येक पोरालाही.

नेरूळ_बाबा

समजलं. धन्यवाद सर. आज झोप लागेल असं वाटतं.

कळव्याचा_पोरगा_धुळ्यात

उशीर झाला, इथे दिवसभर फ्लाइंग सुरू होतं. भारताच्या बाजूचं मी सांगतो.

आपल्याकडे दोन पायऱ्या आहेत. आधी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग, मग फ्लाइट इन्स्ट्रक्टर. सीपीएल झाल्यावर डीजीसीए (आपलं विमान खातं) मान्य संस्थेत इन्स्ट्रक्टरचा कोर्स, मग तोंडी आणि उड्डाणाची परीक्षा. असिस्टंट इन्स्ट्रक्टर शिकवतो, पण पूर्ण इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली. विद्यार्थ्याचा पहिला सोलो (एकट्याचं उड्डाण) तो स्वतःच्या अधिकारात सोडू शकत नाही. अमेरिकेत पहिल्या दिवसापासून तो अधिकार मिळतो. मला आपली पद्धत या बाबतीत जास्त शहाणी वाटते. पहिला सोलो सोडायचा निर्णय नव्या माणसाने एकट्याने घेऊ नये.

अमेरिकेचं इन्स्ट्रक्टर रेटिंग इथल्या लायसन्सवर थेट उमटत नाही. आधी तुमचं सीपीएल कन्व्हर्ट व्हायला हवं. त्यासाठी रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन-मेटिओरॉलॉजीची एकत्र परीक्षा, क्लास वन मेडिकल, आरटीआर (रेडिओचं लायसन्स), स्किल टेस्ट, सगळे अर्ज ईजीसीए पोर्टलवर. पण तिथे शिकवलेले तास वाया जात नाहीत, इन्स्ट्रक्टर म्हणून उडलेले तास इथेही पीआयसी म्हणूनच धरले जातात.

एका गोष्टीकडे मात्र लगेच बघा. पार्ट १४१ च्या (एफएएने अभ्यासक्रम मंजूर केलेल्या) स्कूलमधून १९० तासांतही एफएए कमर्शिअल होतं. डीजीसीएला एकूण २०० तास आणि त्यात १०० तास पीआयसी लागतात. आणि तिथे इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाही, तुम्हीच कंट्रोल हाताळत असलात तर पीआयसी लिहितात. डीजीसीए ते धरत नाही. लॉगबुक काढा आणि खरोखर एकटीने उडलेले तास वेगळे मोजा. कितीतरी मुलं इथे येऊन पंधरा-वीस तासांनी अडकतात.

जागा कुठे आहेत म्हणाल तर महाराष्ट्रातच बघा: धुळे, बारामती, गोंदिया, जळगाव, शिरपूर, नागपूर. ठाणे-नवी मुंबईत फ्लाइंग होत नाही, घर सोडावं लागेल, हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा. मी पंधरा दिवसांतून एकदा कळव्याला येतो.

ऐरोली_व्हिसा

कागदपत्रांचं दोन ओळींत. तुमचा विद्यार्थी व्हिसा एम-१ असेल तर कोर्सनंतर नोकरी फक्त प्रॅक्टिकल ट्रेनिंग म्हणून, चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना आणि जास्तीत जास्त सहा महिने. एफ-१ असेल तर ओपीटीत (शिक्षणानंतरच्या नोकरीची परवानगी) बारा महिन्यांपर्यंत. म्हणजे इन्स्ट्रक्टर कोर्सला पैसे भरण्याआधी व्हिसा कोणता ते बघा, नाहीतर रेटिंग मिळेल आणि शिकवायला वेळच उरणार नाही.

दुसरं, एफएएकडे तुमचा पत्ता नेरूळचा असेल आणि अमेरिकेतला नसेल, तर २०२५ पासून अमेरिकेतला एजंट (एफएएची कागदपत्रं तुमच्या वतीने स्वीकारणारा) नेमून त्याची नोंद करावी लागते. न केल्यास सर्टिफिकेटचे अधिकार वापरता येत नाहीत. ही नोंद फार जण विसरतात.

पनवेल_एअरबस

येऊरकर, वरचा तुमचा कोलगनचा प्रतिसाद दोनदा वाचला. आम्ही सिम्युलेटरवर स्टॉल रिकव्हरी करतो तेव्हा ज्यांचं पायाभूत ट्रेनिंग नीट झालं आहे ते लगेच ओळखू येतात, हे मान्य करतो. तरी ताईंना माझा सल्ला तोच राहील: करायचं असेल तर मर्यादा ठरवून करा. दीड-दोन वर्षं शिकवा आणि मग या. वयाचा विचार करा.

एक खरंच विचारायचं आहे. पहिला सोलो सोडताना तुम्ही नेमकं काय बघता? आमच्याकडे लाइन ट्रेनिंगमध्ये प्रत्येकाचे निकष वेगळे असतात.

येऊर_रिज (ठाणे)

यावर मी बराच विचार केला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत नियमाने सोलोआधी काय लागतं ते ठरलेलं आहे. इन्स्ट्रक्टरने स्वतः घेतलेली लेखी चाचणी, त्यात चुकलेल्या प्रत्येक उत्तरावर चर्चा, ठरावीक मॅन्यूव्हर्सचं ट्रेनिंग, आणि मग लॉगबुकात त्याच मेक-मॉडेलसाठी सोलोची सही. ती सही ९० दिवस चालते. मग क्रॉस-कंट्रीची (दूरच्या विमानतळापर्यंत जायची) वेगळी, चेक राइडला पाठवण्याची वेगळी. कुणाला काय सही दिली याची नोंद इन्स्ट्रक्टरने तीन वर्षं ठेवायची. हे कागदावरचं.

कागदापलीकडे मी तीन सुंदर लँडिंग बघत नाही. शांत वाऱ्यात सुंदर लँडिंग कुणाचंही होतं. मी वाट बघतो ती बिघडलेल्या ॲप्रोचची. मी काहीही न बोलता विद्यार्थी स्वतःहून गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं) करतो का? फायनलवर स्पीड जास्त आहे, उंची जास्त आहे, मी खिडकीबाहेर बघतोय, आणि त्याने स्वतः थ्रॉटल पुढे ढकलून “गोइंग अराउंड” म्हटलं, त्या दिवसापासून मी सोलोचा विचार सुरू करतो. ज्याला माझ्याकडे बघून ठरवावं लागतं तो अजून माझ्या भरवशावर उडतोय.

दुसरं, त्याला कंट्रोल सोडता येतो का. “आय हॅव कंट्रोल” म्हटल्यावर त्याने हात खरंच सोडला पाहिजे आणि “यू हॅव कंट्रोल” असं परत म्हटलं पाहिजे. दोघंही धरून बसले किंवा कुणीच धरलं नाही, यात अपघात झालेले आहेत. घाबरून योक गच्च धरणाऱ्या मुलाला मी सोलो देत नाही, मग त्याचं लँडिंग कितीही गोड असो.

आणि तिसरं, तो खोटं बोलतो का. डीब्रीफमध्ये “तिथे काय झालं?” विचारल्यावर “वारा होता सर” म्हणणाऱ्यापेक्षा “मी उशिरा फ्लेअर केला” म्हणणाऱ्याला मी आधी सोडतो. फी भरलेले पालक, स्कूलचं शेड्यूल, बॅचमधल्या बाकीच्यांचे सोलो झालेले, सगळ्याचा दबाव येतो. स्कूलकडूनही येतो. त्या क्षणी नाही म्हणता येत नसेल तर रेटिंग घेऊ नये.

ही सही मी माझ्या नावावर करतो, आणि तो मुलगा जमिनीवरून एकटा वर जातो.

निवृत्त_वायुसैनिक_कळवा

हे छापून क्रू रूममध्ये लावलं पाहिजे.

नेरूळची_वैमानिक

सगळं वाचून काढलं, काही भाग बाबांबरोबर बसून वाचले. लॉगबुक काढून एकटीने उडलेले तास वेगळे मोजले. पीआयसीचे १०० पूर्ण आहेत, पण एकूण २०० ला थोडे कमी पडतात, ते इन्स्ट्रक्टर कोर्समध्येच भरून निघतील. माझा व्हिसा एफ-१ आहे, त्यामुळे वर्षभर शिकवायला मिळू शकतं. एजंटची नोंद आज करते.

ठरवलं आहे असं: परत जाऊन आधी दोन्ही लेखी, मग स्पिनसाठी जवळच्या एरोबॅटिक स्कूलमध्ये, मग उजवी सीट. वर्षभर तिथे शिकवायचं आणि नंतर इथे येऊन असिस्टंट इन्स्ट्रक्टर रेटिंग. बाबांनी होकार दिला आहे, धुळ्याचं अंतरही त्यांनी बघून घेतलं.

एक शेवटची शंका. सर्टिफिकेट आता एक्स्पायर होत नाही असं कुणी म्हणालं, ते खरं का?

येऊर_रिज (ठाणे)

१ डिसेंबर २०२४ पासून नव्या इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेटवर एक्स्पायरीची तारीख नसते, पण दर २४ कॅलेंडर महिन्यांत शिकवण्याचा ताजा अनुभव किंवा रिफ्रेशर कोर्स दाखवावाच लागतो. तो दाखवला नाही तर शिकवायचे अधिकार थांबतात. दोन वर्षांत पाच विद्यार्थी चेक राइडला पाठवले आणि त्यांतले ८० टक्के पहिल्या प्रयत्नात पास झाले, तर तेही चालतं. भारतात आलात तरी ती तारीख चुकवू नका.

आणि जाण्याआधी एखाद्या संध्याकाळी वाशीला भेटा. मॅन्यूव्हर्सचे लेसन प्लॅन मी घेऊन येतो, त्यातला एक तुम्ही बाबांना शिकवून दाखवा. नौपाड्याच्या बाईंनाही बोलावतो.

नौपाडा_बाई

मी येते. फळा मी आणते, खडू तुझे.